बाळ वॉर्मरवर की आईच्या छातीवर? पहिल्या तासाचा हिशेब

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले (२०१९ ते २१) दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर, सिस्टर, मावशी सगळे हजर, आई बहुतेक वेळा पूर्ण शुद्धीवर, बाळ चार पावलांवर, आणि तरीही निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या तासात आईच्या अंगाला लागत नाहीत.

हा तास जातो कुठे, ते लेबर रूममध्ये घड्याळ लावून पाहिलं की कळतं. बाळ बाहेर येतं, नाळेला लगेच चिमटा लागतो, बाळ कोपऱ्यातल्या वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या टेबलावर, जातं. तिथं पुसणं, वजन, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, दुपट्यात घट्ट गुंडाळणं. मग बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना दाखवणं आणि हमखास फोटो. इकडे आईची वार पडायची असते, टाके घालायचे असतात, नंतर तिला वॉर्डात हलवायचं असतं. दोघं पुन्हा एकत्र येतात तोवर दीड-दोन तास उलटलेले असतात आणि बाळ गाढ झोपलेलं असतं. जन्मल्यावर साधारण तास-दीड तास बाळ टक्क जागं असतं, चोखायची ओढ जोरात असते. मग ते काही तास गुंगीत जातं. नेमकी ही जागी वेळ वजनकाट्यावर जाते. नाळेची घाई सोडली तर वरच्या यादीतलं एकही काम चुकीचं नाही. फक्त पुसणं सोडून बाळाची बाकीची कामं तासाभरानं केली तरी चालतात, आणि काही तर आईच्या छातीवरच करता येतात.

‘आई-बाळस्नेही’ दवाखाना म्हटलं की भिंतीवर फुलपाखरं आणि मऊ सोफा असं चित्र डोळ्यापुढे येतं. प्रत्यक्षात तो मुख्यतः कामांचा क्रम बदलण्याचा प्रश्न आहे, आणि त्याची सुरुवात कळांपासून होते.

कळा चालू असताना

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळला जाणारा उपाय म्हणजे बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस. कोक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यासांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली होती. जिला कळांच्या काळात सतत सोबत मिळाली, तिचं बाळंतपण नैसर्गिक होण्याचं प्रमाण वाढलं, सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा आखूड झाला. यात जादू नाही. भीतीनं अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, ते वाढलं की कळा आणणारं ऑक्सिटोसिन मंदावतं. गुरांच्या गोठ्यात रात्र काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: अडलेल्या गाईभोवती कुणी गर्दी करत नाही.

भारत सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत जन्मसोबतीला परवानगी दिली आहे. अटी साध्या आहेत: सोबत करणारी बाई शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं दुसऱ्या बाईच्या टेबलाकडे जाऊ नये. आडोशाची सोय असेल तर नवऱ्यालाही थांबता येतं. ‘जागा नाही’ असं उत्तर मिळतं, तेव्हा खरी अडचण बहुतेक वेळा एवढीच असते की एका खोलीत चार टेबलं आहेत आणि मधे पडदे नाहीत. सोबतीणीला काम मात्र सांगावं लागतं, नाहीतर ती नुसती घाबरून उभी राहते. कळ आली की माकडहाडाच्या वर तळहातानं घट्ट दाबून धरायचं, दोन कळांच्या मधे पाण्याचे किंवा सरबताचे घोट द्यायचे, खोलीत चालवायचं, आणि दर दोन तासांनी लघवीला न्यायचं. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली सरकू देत नाही, हे कारण अनेकदा शेवटी लक्षात येतं.

दुसरी गोष्ट घाईची. पूर्वी गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं मानत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये हा आग्रह सोडला. तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा किती चालेल याला ठरावीक मर्यादा नाही. तिथून पूर्ण उघडायला पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि दुसऱ्या खेपेला १० तासांपर्यंत लागू शकतात. आईची नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके ठीक असतील, तर केवळ घड्याळाकडे पाहून कळांची (ऑक्सिटोसिनची) सलाइन लावायचं कारण नाही. या औषधानं कळा लागोपाठ येऊ लागतात. दोन कळांच्या मधे पिशवी सैल पडते तेव्हाच बाळाला पुरेसा प्राणवायू मिळतो, आणि तोच विसावा गायब होतो. आणि हेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मण्याआधी ‘कळा वाढवायला’ दंडात किंवा कुल्ल्यात टोचणं तर निव्वळ धोका: सलाइनचा थेंब थांबवता येतो, टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

उताणं झोपवणं ही डॉक्टरांची सोय. पोटातल्या ओझ्यानं पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या दबतात आणि बाळाचे ठोके उतरू शकतात. डाव्या कुशीवर, गुडघ्या-हातांवर, उकिडवं किंवा पाठ उंच करून अर्धवट बसून, जसं जमेल तसं चालतं. बाळाच्या वाटेला सरसकट कट देणं आता शिफारशीत नाही. गरज पडली तरच, आणि भूल देऊनच. शेवटी शेवटी कुणीतरी टेबलावर चढून वरून पोट दाबतं, ते तर करायचंच नाही. त्यानं खालचा भाग फाटतो, क्वचित पिशवीलाही इजा होते. ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं यांबद्दल वैद्यकीय कारण देत बसायची गरज नाही. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूक ही लेबर रूमच्या तपासणीचाच भाग केली आहे.

पहिला तास, मिनिटा-मिनिटानं

तयारी बाळ यायच्या आधी. पंखा आणि एसी बंद, खोलीचं तापमान किमान २५ अंश. दोन कोरडे, कोमट केलेले सुती कपडे, एक टोपडं. बाळाच्या मापाची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क वॉर्मरवर, आधी दाबून तपासलेले. दाराजवळ बसलेल्या सासूबाईंना आधीच सांगून ठेवायचं की बाळ तासाभरानं दिसेल.

बाळ आलं की थेट आईच्या पोटावर. तिथंच पुसायचं: डोकं, पाठ, हात-पाय. अंगावरचा पांढरा लोण्यासारखा थर खरवडून काढायचा नाही, तो त्वचेचं रक्षण करतो. ओला कपडा लगेच बाजूला टाकायचा. ही पायरी विसरली जाते, आणि बाळ ओल्या कपड्यातच ‘गुंडाळून’ गार पडतं. रडणाऱ्या बाळाच्या नाका-तोंडात सक्शनची नळी घालायची नाही, तिच्या स्पर्शानं ठोके मंदावू शकतात. पुसून, पाठ चोळूनही श्वास सुरू झाला नाही, तर मात्र नाळ कापून बाळ लगेच वॉर्मरवर न्यायचं आणि जन्मापासून एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कनं श्वास द्यायचा. छातीवर ठेवण्याचा आग्रह श्वास घेणाऱ्या बाळासाठी आहे. म्हणून वॉर्मर हवाच, पण राखीव.

आईला पहिल्या मिनिटात १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत. आता, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री केल्यावर, ते योग्य जागी आहे; त्यानं पिशवी आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. नाळ एक ते तीन मिनिटं तशीच. हात लावून पाहिलं तर ती उडत असते, म्हणजे वारेतलं रक्त अजून बाळाकडे चाललेलं असतं. तीन मिनिटांत साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला जास्तीचं मिळतं. तीन किलोच्या बाळाच्या मानानं ते खूप आहे. त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं, आणि आपल्याकडे गरोदर बायकांतच अ‍ॅनिमिया इतका आहे की हा साठा फुकट घालवणं परवडत नाही. इंजेक्शन आणि नाळेला थांबणं, दोन्ही एकाच वेळी चालतात.

मग बाळ छातीवर, पालथं, अंगाला अंग लावून, दोघांवर मिळून एकच कोरडी चादर. आईच्या छातीची ऊब बाळाच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त होते. आता थांबायचं. बाळ पाचेक मिनिटं नुसतं पडून राहतं, मग तोंड उघडझाप करतं, मुठी चोखतं, पायांनी ढकलत स्तनाकडे सरकतं. वीस मिनिटांत पोहोचेल, नाहीतर पन्नास. डोकं धरून तोंडात स्तन कोंबला तर बाळ पाठ ताठ करून मागे झटका देतं, आणि मग आईला वाटतं ‘हे घेतच नाही’.

एक सावधगिरी इथं फार महत्त्वाची. छातीवरच्या बाळाचं तोंड एका कुशीला वळलेलं, नाक उघडं, मान सरळ, आणि ओठ गुलाबी आहेत का हे दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी पाहायचं. थकलेली किंवा गुंगीचं औषध दिलेली आई आणि बाळ यांना एकटं सोडायचं नाही. बाळाचं नाक दबून श्वास थांबल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्याच फेरीत आईची नाडी, रक्तदाब, पिशवी घट्ट आहे का आणि कपडा किती भिजला, हेही पाहायचं. ‘थोडंसं जातंय’ असा अंदाज डोळ्यानं घेतला तर तो निम्म्यानंही चुकू शकतो, म्हणून रक्त मापाच्या पिशवीत गोळा करावं. धोक्याची रेषा मानलेलं ५०० मिलिलिटर म्हणजे घरातली दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. तिथवर वाट पाहणं म्हणजे उशीर.

वजन, व्हिटॅमिन के (१ मिलिग्रॅम, मांडीत) हे सगळं पहिल्या दूधपाजणीनंतर. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी २४ तासांत. आंघोळ किमान २४ तासांनी.

सिझरमध्ये हे जमत नाही, असं सहज म्हटलं जातं. मणक्यात भूल दिलेली असेल तर आई जागीच असते. छातीवर लावलेल्या ईसीजीच्या चकत्या खांद्यांकडे सरकवायच्या, एक हात पट्ट्यातून मोकळा ठेवायचा, आणि पुसलेलं बाळ स्तनांवर आडवं ठेवून वर कोमट कपडा घालायचा. जवळ एक सिस्टर फक्त बाळाकडे बघायला हवी. अडचण येते ती तिथल्या गारठ्याची आणि माणसांच्या कमतरतेची. पूर्ण भूल दिली असेल, तर बाप शर्ट काढून बाळ छातीला लावू शकतो. आई शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागली की लगेच बाळ तिच्याकडे.

चीक, आणि ‘दूधच नाही’ हा गैरसमज

खरवस म्हटला की आपल्या तोंडाला पाणी सुटतं, आणि आईचा चीक मात्र ‘घाण दूध’ म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. चीक कमीच असतो, कारण गरजच कमी असते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिलिलिटर पितं, म्हणजे अर्धा ते दोन चहाचे चमचे. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. खरा पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात फुटतो. मधल्या काळात बाळ रडलं की डबा उघडला जातो, ३० मिलिलिटर पावडरचं दूध जातं, बाळ चार तास झोपतं, स्तन चोखला जात नाही, आणि चोखला नाही म्हणून दूध वाढत नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना खात्री पटते की हिला दूध नाही. मध, गुटी, साखरेचं पाणी यांनी तेच होतं, वर जंतूंचा धोका. मधातून तर तान्ह्याला बॉट्युलिझम होऊ शकतो.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून नाही, लंगोटांवरून ओळखायचं. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी-हिरवी असते, ती चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. वजन सुरुवातीला ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर घाबरू नये. १० टक्क्यांकडे गेलं तर पाजणं नीट तपासावं. दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत येतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्री धरून.

पकड चुकली की सगळं चुकतं. बरोबर पकडीत बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडं असतं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चट-चट आवाज येत असेल तर बाळानं नुसतं स्तनाग्र धरलं आहे. बाहेर आलेलं स्तनाग्र नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटलेलं दिसतं, मग चिरतं, मग आई पाजायला घाबरते. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. बाळाला स्तनाकडे आणायचं, आईनं बाळाकडे वाकायचं नाही. नाहीतर तिसऱ्या दिवशी तिची मान आणि पाठ धरते. बाळ चोखत नसेल तर हातानं दूध काढावं: अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. घासायचं किंवा ओढायचं नाही. हे दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, बाटलीनं नाही.

अडीच किलोच्या आतलं बाळ, मधुमेह असलेल्या आईचं बाळ किंवा दिवस पूर्ण न भरलेलं बाळ, यांची साखर उतरू शकते. त्यांना ‘भूक लागली की पाजू’ असं चालत नाही. पहिल्या तासात पाजणं, दर दोन तासांनी पाजणं आणि साखर तपासणं, तिन्ही हवीत. अशा बाळाला दुधाची खरोखर कमतरता असेल तर दुसऱ्या आईचं तपासलेलं, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं दूध देता येतं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि तरी आज कित्येक जिल्ह्यांत नवजात कक्षाशेजारी पावडरच्या डब्याशिवाय काही नसतं.

बाळ काचेच्या पेटीत, आई तिसऱ्या मजल्यावर

कमी वजनाच्या बाळाला आईपासून दूर ठेवायचं, तब्येत स्थिर झाली की मग कांगारू पद्धत (बाळ उघड्या छातीला बांधून ठेवणं), असं वर्षानुवर्षं चालत आलं. १ ते १.८ किलोच्या बाळांवर पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. जन्मल्यावर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, बाळ आईच्या छातीला बांधलं. २०२१ मध्ये निकाल आला. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन, सलाइन, अँटिबायोटिक सगळं चालूच होतं, फक्त ते आईच्या छातीवर. त्यासाठी नवजात कक्षात आईचा पलंग लागतो, तिच्या टाक्यांची आणि जेवणाची सोय तिथंच लागते. बालरोग आणि स्त्रीरोग हे दोन विभाग एकाच खोलीत काम करायला तयार हवेत, आणि पलंगापेक्षा हेच अवघड जातं.

बांधण्याची पद्धत: बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधे, पाय बेडकासारखे, डोकं एका बाजूला आणि किंचित वर, अंगात फक्त टोपडं, लंगोट, मोजे. पट्टा बाळाच्या कानाच्या पाळीपर्यंत यावा. एका बैठकीत किमान तासभर, दिवसाला ८ तासांपासून जमेल तितकं. आजी, बाप, मावशी आलटून-पालटून करू शकतात.

घरी गेल्यावर शेक-शेगडीची पाळी येते. बंद खोलीत कोळशाची शेगडी बाजेखाली ठेवण्यात कार्बन मोनॉक्साइडचा खरा धोका आहे, शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते. तासाभरात पॅड भिजणं, ताप, डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, पोटरी सुजून दुखणं, आणि दोन आठवड्यांनंतरही न थांबणारं आईचं रडू, यांपैकी काही दिसलं तर ‘बाळंतिणीला असं होतंच’ म्हणून थांबू नये.

कायदा आईच्या बाजूनं आहे. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची, बेबी फूडची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, दवाखान्यात फलक लावता येत नाहीत. दवाखान्याच्या पिशवीत ‘भेट’ म्हणून डबा आला तर ती भेट बेकायदा आहे.

नाव नोंदवायला जाल तेव्हा, शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यात, हे विचारून ठेवा. कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? सगळं ठीक असेल तर बाळ आधी कुठे ठेवता? सिझर झालं तर किती वेळानं देता? डब्याचं दूध देण्याआधी मला विचारता का? आणि उत्तरं दिवसपाळीतल्या मॅडमकडून घेतलीत, तर हेच सगळं रविवारी रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या सिस्टरलाही विचारून या.